बंडी फाटकावर उभी आहे

मुलीच्या सोयरिकीच्या वेळी होणाऱ्या व्याह्यांनी भर बैठकीत विचारलं, "बाकी सगळं ठीक हाय, पण तुम्ही नेमकं करता काय?" मी घसा खाकरला. तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन आलेल्या माझ्या बायकोनं उत्तर देऊन टाकलं, "मेलेल्या गेमा जित्या करतात." बैठकीतली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. एकानं हळूच विचारलं, "मंग याले कोणी पैसे देते का?" बायको म्हणाली, "तेच तर मीबी विचारून राह्यली." सोयरीक जमली, पण ती माझ्या कर्तबगारीवर नाही. नवऱ्या मुलाला लहानपणी खेळलेला एक गेम कुठंच सापडत नव्हता आणि तो माझ्याकडे होता.

देवळीत बस स्टँडच्या मागच्या रस्त्याला माझं कम्प्युटरचं दुकान आहे. आता त्याचं अर्धंच शटर माझ्यासाठी उघडतं. उरलेल्या अर्ध्यात मोबाइलचे कव्हर विकणारा भाडेकरू बसतो आणि त्याच्याकडे गर्दी असते. पोटासाठी मी आयुष्यभर बिघडलेले कम्प्युटर दुरुस्त केले, प्रिंटरमध्ये शाई भरली, कॉलेजच्या पोरांचे फॉर्म भरले. ते काम कोणालाही येतं, त्याबद्दल लिहायचं काही कारण नाही. लिहायचं ते दुसऱ्या कामाबद्दल. ते दुकानाच्या पाटीवर कधीच नव्हतं आणि त्याच्यापायी माझी पाठ गेली.

कम्प्युटरचा गेम बेवारस कसा होतो हे सांगायला मी बंद पडलेल्या जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचं, उदाहरण देतो. आपल्या वर्धा जिल्ह्यात ते सगळ्यांना कळतं. जिनिंग चालू होती तेव्हा गाड्यांची रांग असायची. मग मालक गेला, पोरं भांडली, एकानं दुसऱ्याला विकली, दुसऱ्यानं तिसऱ्याला. आता मशीन गंजत पडलंय, ना कोणी चालवत ना कोणी विकत. मालक कोण म्हणून विचारलं तर सांगणारा सापडत नाही. पण तुम्ही आत शिरून एक खिळा उचला, चौकीदार लगेच हजर. जुन्या गेमचं अगदी तसंच. बनवणारी कंपनी बुडाली, तिचं नाव कोणी विकत घेतलं, त्यालाही कोणी गिळलं. बाजारात तो गेम मिळत नाही. मग जगात ठिकठिकाणी बसलेली आमच्यासारखी रिकामटेकडी माणसं तो जुन्या फ्लॉपीवरून, सीडीवरून काढतात आणि इंटरनेटवर ठेवतात, म्हणजे निदान मरू नये. आम्ही तो उतरवून घेतो, चालतो का पाहतो, चालत नसला तर चालवतो.

माझा एक वकील चुलतभाऊ आहे. तो म्हणतो, ही चोरीच. मी म्हटलं, मालक दाखव, माल परत करतो. एकदा मी खरंच एका कंपनीला ईमेल पाठवून परवानगी मागितली होती. उत्तर आलं की तो गेम आमचा नाही, अमक्या कंपनीचा. त्या कंपनीनं तिसरीचं नाव दिलं. तिसरीनं लिहिलं की असा गेम आमच्याकडे असल्याचं आम्हाला माहीत नव्हतं, माहिती दिल्याबद्दल आभारी आहोत, कृपया तो कोणाला देऊ नये. तेव्हापासून मी परवानगी मागायचं सोडलं.

सुरुवातीला इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं. गेम उतरत असताना घरातला फोन कोणी उचलला की सगळं मुसळ केरात. माझ्या बायकोला तिच्या आर्वीच्या बहिणीची आठवण गेम जवळजवळ उतरत आला की यायची. मी काही बोललो की म्हणायची, "गेम मेलाच हाय ना, मंग घाई कायची? बहीण जित्ती हाय." मी पुन्हा पहिल्यापासून उतरवायला लावायचो.

गेम उतरला म्हणजे काम संपलं असं नाही. जुन्या गेमला नव्या कम्प्युटरवर करमत नाही. आमच्या इथले एक हेडमास्तर मोटार शर्यतीचा जुना गेम मागायला आले होते. मी तसाच लावून दिला. ते चष्मा पुसून बसले, बटण दाबलं, आणि शर्यत संपली. जुना गेम जुन्या कम्प्युटरच्या मंद चालीवर बेतलेला असतो, त्याला नव्याचा वेग दिला की तो पिसाळतो. हेडमास्तर म्हणाले, "अहो, मी बसलोच नाई अन् गाडी वर्ध्याले पोचली." म्हणून नव्या कम्प्युटरच्या पोटात आम्ही जुन्या कम्प्युटरचं सोंग उभं करतो. गेमला वाटतं आपण आपल्याच घरी आहोत. मग तो शहाण्यासारखा वागतो.

काही गेम तर दारातच अडवायचे. चोरून नक्कल करणाऱ्याला पकडायला कंपनीनं युक्ती केलेली असायची. मध्येच गेम थांबायचा आणि विचारायचा, सोबतच्या पुस्तिकेच्या अमुक पानावरचा अमुक शब्द सांग. आपल्याकडे पुस्तिका कोणाकडे? गेमच नकलेची नक्कल करून आलेला. पण माणूस अडला की वाट काढतोच. माझ्या दुकानासमोर मोरेश्वरचा पानठेला आहे. त्यानं जन्मात कम्प्युटरला बोट लावलं नाही. पण कोणीतरी कुठूनतरी ते शब्द मिळवले, ते त्याच्या कानावर पडत राहिले आणि त्याचे पाठ झाले. पोरं दुकानातून ओरडायची, "मोरूभाऊ, पान बारा!" आणि तो सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटता घोटता एक इंग्रजी शब्द फेकायचा, त्याचा अर्थ त्याला माहीत नाही आणि पोरांनाही नाही. पुढे पुढे गिऱ्हाईक खर्रा घेऊन शब्दही घेऊन जायचं. अमेरिकेतल्या कोणा हुशार माणसानं डोकं लावून केलेलं कुलूप देवळीत पानठेल्यावर उघडायचं.

गिऱ्हाइकांचं सांगायचं तर त्यांना गेमचं नाव कधीच माहीत नसतं. तळेगाव श्यामजी पंतचे एक एसटी कंडक्टर होते. ते येऊन म्हणाले, "वर्ध्याले शिकाले होतो तवा लॅबमधे खेळलतो. त्यात एक टकला राहते. तो पाणी पिते अन् मोठा होते." एवढ्यावर गेम शोधायचा. मी परदेशातल्या आमच्या मंडळींच्या चर्चेच्या पानावर माझ्या इंग्रजीत लिहिलं की एक टक्कल पडलेला माणूस आहे, तो पाणी पितो. फिनलंडच्या एका माणसानं विचारलं, निळ्या कपड्यातला का? मी कंडक्टरांना फोन केला. ते चालत्या गाडीत होते. म्हणाले, "कपडे कुठले, लॅबमधे रंगीत पडदाच नोता." तरी गेम सापडला. कंडक्टर सुट्टी काढून आले, थोडा वेळ खेळले आणि उठले. "हा तो नाई," म्हणाले. "तो लय मोठा होता." मी त्यांना किती समजावलं की हाच तो. ते हिरमुसले होऊन बसमध्ये बसले. अशा गिऱ्हाइकांचं मी मनावर घेत नाही असं मी सगळ्यांना सांगतो, पण घेतो.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो.

हजारो गेम मी सांभाळले. जपानचे, अमेरिकेचे, पोलंडचे. कोणत्या तरी देशातल्या बर्फावर घसरणाऱ्या माणसाचा गेम माझ्याकडे आहे आणि देवळीत तो मागायला कधी कोणी येणार नाही. पण देवळीत बनलेला एक गेम होता, जगात एकच, आणि तो माझ्याकडे नव्हता. त्याचं नाव 'बंडी', म्हणजे बैलगाडी.

बाजारातल्या गोपाळशेठचं सरकी-ढेपीचं, म्हणजे गुरांच्या खाद्याचं दुकान देवळीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्याकडे गावात सगळ्यात आधी कम्प्युटर आला, बिलं करायला. बिलं मुनीम हातानंच करत राहिला आणि कम्प्युटर पांघरूण घेऊन बसला. शेठची मुलगी सरोज तेव्हा वर्ध्याला कॉलेजात जायची. ती दुपारी दुकानात बसून त्या कम्प्युटरशी खुडबुड करायची. बेसिक नावाची एक भाषा होती, तिच्यात ओळीमागून ओळ लिहून कम्प्युटरला सांगायचं की हे कर, मग ते कर. तशा ओळी लिहून तिनं गेम केला. पडद्यावर रेघोट्यांची एक बैलबंडी. तीत कापूस भरलेला. ती देवळीहून वर्ध्याच्या कापूस बाजारात न्यायची. वाटेत बकरी येते आणि कापूस खाते. पुढे रेल्वेचं फाटक पडतं. फाटक सुटलं की बाजार, आणि बाजारात अडत्या कापसात हात घालून म्हणतो, ओला हाय, भाव कापला. शेवटी तुम्ही कितीही चांगली बंडी हाका, अडत्या भाव कापायचाच. तेव्हा शेठच्या दुकानात बसलेले शेतकरी हा गेम पाहून हसायचे नाहीत, माना डोलवायचे.

मी तेव्हा नवखा होतो. त्यांच्या प्रिंटरचं काम करायला गेलतो आणि प्रिंटर सोडून बंडी हाकत बसलो. नक्कल मागितली तर शेठ म्हणाले, "दुकानातला माल असा फुकट जात नाई." सरोजला पुढं शिकायला पुण्याला जायचं होतं. शेठनी नाही म्हटलं. तिचं लग्न अमरावतीला झालं, कम्प्युटर पुढं भंगारात गेला, आणि जगातला एकुलता एक देवळीचा गेम गेला असं मी धरून चाललो. चर्चेच्या पानावर लोक आपापल्या देशातल्या पहिल्या गेमबद्दल लिहायचे तेव्हा मी गप्प बसायचो.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी सरोजताई माझ्या दुकानात आल्या. केस पांढरे, पण चेहरा तोच. सोबत मुलगी जुई, पुण्यात मोबाइलचे गेम बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला. सरोजताईंनी पर्समधून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फ्लॉपी काढली. "दिगांबरभाऊ, हे निघते का पाहा. बाबांच्या तिजोरीत चांदीच्या शिक्क्यांसोबत होती."

मी फ्लॉपीवरचं नाव वाचलं आणि खुर्चीत नीट बसलो.

जुई हसत म्हणाली, "मामा, आई सांगते तिनं गेम बनवला होता. आईला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवता येत नाही." तिच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, लाड होता. पण सरोजताईंनी मान फिरवून बाहेर मोरेश्वरच्या ठेल्याकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, "एकदा चालवून द्या. हिले फक्त दाखवाचं हाय की पुरा गेम मी एकटीनं केलता. बकरीपासून अडत्यापर्यंत. घरात कोणाले खरं वाटत नाई. बाबांनी तर कवा पाह्यलाबी नाई. त्यांच्यासाठी तो पोरीचा टाइमपास होता."

मी म्हटलं, ताई, हे माझं काम आहे, निश्चिंत राहा. आणि फ्लॉपीचं पत्र्याचं दार सरकवलं.

फ्लॉपी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर प्लास्टिकचं चौकोनी कवच असतं, त्याला एक सरकतं दार, आणि आत नाजूक तपकिरी चकती. सगळं लिहिलेलं त्या चकतीवर असतं. दार उगाच उघडायचं नसतं, चकतीला बोट लावायचं नसतं, धुळीचा कणही चालत नाही. हे आम्ही शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगायचो. मी दार सरकवलं आणि आत चकतीवर कुंकू होतं. बोटभर लांब, जाड, वाळलेलं, थरावर थर. एका थरात तांदळाचा दाणाही चिकटलेला.

जुईनं विचारलं, "हे काय आहे?" सरोजताईंना आधी कळलं. त्या हळूच म्हणाल्या, "दसरा."

मी फ्लॉपी ठेवून घेतली आणि त्यांना पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी शेठच्या घरी गेलो. कुठं दुसरी नक्कल आहे का विचारायचं होतं. शेठ आता दुकानात बसत नाहीत, ओसरीत आरामखुर्ची टाकून बाजाराकडे पाहत असतात. कान शाबूत, डोळे शाबूत, आवाज तर तिघांना पुरेल इतका.

"दुसरी काऊन लागते?" शेठ म्हणाले. "एकच होती, ती मी सांभाळली. दर दसऱ्याले तराजू पुजतो, मापं पुजतो, तशी ते बी पुजत गेलो. कम्प्युटर भंगारात गेला, पण ते ठेवली. पोरीचं काम होतं त्यात."

मी म्हटलं, "शेठजी, टिळा आत लावत होते तुम्ही?"

"मंग? तुह्यासारखा अडाणी नाई मी. वरच्या डब्बीले टिळा लावून काय होते? पुजा देवाले करतेत का देव्हाऱ्याच्या फळीले? मले सरोजनंच सांगतलं होतं, बाबा, सगळं आतल्या चकतीत राहते. मंग ते पत्र्याचं दार सरकवून आत लावत होतो. ओलं कुंकू, म्हणजे टिकते."

ते इतक्या समाधानानं सांगत होते की मी नुसती मान डोलावली. ज्यांना कोणी वाली नाही असे हजारो गेम माझ्या दुकानात सुखरूप आहेत. ज्या एकाला वाली होता, त्याची वर्षानुवर्षं मनोभावे पूजा झाली होती. मी चहा घेतला आणि परत आलो.

मग मी कामाला लागलो. दुकानात एक म्हातारा कम्प्युटर मी मुद्दाम जिवंत ठेवलाय, फ्लॉपी वाचणारा. आधी कवच उकललं, चकती बाहेर काढली. कापसाला स्पिरिट लावून एकेक थर ओलावत गेलो. देवळीचाच कापूस, देवळीच्या बंडीवरचं कुंकू पुसायला. वरचे थर निघाले. सगळ्यात खालच्या थरासोबत मात्र चकतीचं तपकिरी अंगही निघून आलं, आणि तिथं उरलं ते नुसतं पारदर्शक प्लास्टिक. त्याच्यावर जे लिहिलं होतं ते कापसावर आलं होतं, लाल-तपकिरी. तो बोळा हातात धरून मी बराच वेळ बसलो. मला रडू आलं, लपवत नाही. समोरून मोरेश्वरनं विचारलं, "काय झालं गा?" मी म्हटलं, स्पिरिट डोळ्यात गेलं.

चकती दुसऱ्या फ्लॉपीच्या कवचात बसवून वाचायला लावली. सुरुवातीच्या ओळी चांगल्या उतरल्या. बंडी, बैल, रस्ता, बकरी, सगळं आलं. फाटक पडतं, त्या ओळी आल्या. फाटक उघडतं, त्या टिळ्याखाली गेल्या होत्या. आणि त्याच्यापुढचा सगळा बाजार, अडत्या, भाव, काहीच उरलं नव्हतं. जगभरच्या मंडळींना विचारलं, फिनलंडवाल्यानं चार उपाय सांगितले, सगळे करून पाहिले. चकतीवर जिथं लेपच उरला नाही तिथून काय वाचणार? त्यानं विचारलं की लेप गेला कशानं. मी लिहिलं, धार्मिक कारणानं.

सरोजताईंना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाबांना सांगतलं का?" मी नाही म्हटलं. "नका सांगू," म्हणाल्या. "पण आहे तेवढं दाखवा. जुई परवा जाते पुण्याले."

मग मी नव्या लॅपटॉपमध्ये जुन्या कम्प्युटरचं सोंग बसवलं, त्यात उरलेली बंडी जोडली आणि शेठच्या ओसरीत नेऊन ठेवली. शेठ खुर्ची पुढं ओढून बसले. चष्मा नाकावर. जुई मागं उभी. सरोजताईंनी बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर ती रेघोट्यांची बंडी हलायला लागली.

शेठनी आयुष्यात पहिल्यांदा तो गेम पाहिला. "हे बैल हायत?" त्यांनी विचारलं. सरोजताई म्हणाल्या, हो. "बारीक हायत. चारा कमी पडला." मग बकरी आली. सरोजताईंचं बोट अजून विसरलं नव्हतं, बंडी बाजूला झाली, बकरी हुकली. शेठ खुर्चीत पुढं सरकले. दुसरी बकरी आली. शेठनी हातानं तिला हाकलल्यासारखं केलं. जुई पुढं वाकून पाहत होती. तिनं एकदम विचारलं, "आई, बकरी कुठून येणार हे कसं ठरतं? प्रत्येक वेळी वेगळीकडून येते." सरोजताई म्हणाल्या, "जिकडे कापूस जास्त सांडला असते तिकडून. मोजत राहते ते." जुईनं मोबाइल खिशात ठेवला आणि आईच्या शेजारी खाली बसली.

मग फाटक आलं. आडवी दांडी पडली, बंडी थांबली.

शेठ पाहत राहिले. "गाडी जाऊन राह्यली असन," ते म्हणाले.

आम्ही सगळे पाहत राहिलो. दांडी तशीच. शेठ निवांत होते. वर्ध्याच्या फाटकावर बैल सोडून बसलेला माणूस तो, त्याला घाई नव्हती. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "काऊन उघडत नाई हे?"

जुईनं तोंड उघडलं. तिनं कुंकू पाहिलं होतं, तिला सगळं माहीत होतं. सरोजताईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला आणि शेठकडे न पाहता म्हणाल्या, "उघडणार नाई बाबा. पुढचा झालाच नाई. मीच अर्धवट सोडलता."

ज्या बाईला लेकीला दाखवायचं होतं की पुरा गेम मी एकटीनं केला, तिनं तिच्याच समोर हे सांगितलं. मी लॅपटॉपची वायर नीट करण्याचं निमित्त करून खाली वाकलो.

शेठनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. "मले ठाऊक होतं," ते म्हणाले. "तू म्हणत होती पुण्याले जातो, शिकतो, अन् मी नाई म्हटलं. तवाच समजलो का काम अर्धं राह्यलं असन. म्हणून तर तिजोरीत ठेवली. दर दसऱ्याले टिळा लावाचो अन् म्हणाचो, कवातरी येईन अन् पुरा करन."

सरोजताई पडद्याकडे पाहत राहिल्या. बंडी उभी होती, फाटक पडलेलं होतं. शेठ म्हणाले, "मंग आता कर ना पुरा. बैल किती वेळ उभे ठेवशीन?"

जाताना सरोजताईंनी पेन ड्राइव्हवर बंडी नेली. जुई म्हणाली, "मामा, त्या बेसिकची काही पुस्तकं असतील तर द्या. आईला नको, मला." शेठ ओसरीवरून ओरडले, "दिगांबर, दसऱ्याले येजो. ते नवी डब्बी बी पुजावं लागन." मी म्हटलं, येतो. आणि आता टिळा वरूनच लावायचा असतो, नवीन नियम आहे, हेही सांगितलं. शेठनी सरकारला एक शिवी दिली.

सरोजताईंना विचारून मी ती अर्धी बंडी आमच्या जगभरच्या साठ्यात ठेवली. उभ्या धंद्यात पहिल्यांदा मालकाची परवानगी घेऊन गेम ठेवला, त्यामुळे काही दिवस जरा अवघडल्यासारखं वाटत होतं. वकील चुलतभावाला मुद्दाम फोन करून सांगितलं.

परवा फिनलंडवाल्याचा निरोप आला. बकऱ्या चुकवायला तो शिकलाय. पण फाटकावर अडकलाय, कोणतं बटण दाबायचं ते कळत नाही. त्यानं विचारलं, हा गेम बेवारस आहे का?

मी लिहिलं, नाही. मालकीण कामाला लागली आहे. थांबावं लागतं.